व्हिएन्नाहून आईला घरी आणताना

आईचं आणि माझं भांडण मेलबर्नच्या विमानतळावर झालं, आणि ते भांडण आहे हे आम्हा दोघींशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, ती पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, मेलबर्नच्या कडेच्या वेरिबी उपनगरात, आली होती. मी जवळच्याच एका मोठ्या गोदामात ट्रकांची वेळापत्रकं लावायचं काम करते. तेव्हा सकाळी साडेसहाला घर सोडायचे. नवरा ट्रेनने सिटीत जायचा, आठ वर्षांची मुलगी शाळेत. आई दिवसभर घरात एकटी. बाहेर बोचरा वारा, कोपऱ्यावर दुकान नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शनिवार-रविवारी आम्ही तिला गाडीत घालून कुठेतरी फिरवून आणायचो आणि सोमवारी पुन्हा आपापल्या कामाला लागायचो. परत जाताना सिक्युरिटीच्या दाराशी मी तिला विचारलं, आवडलं ना गं तुला? ती म्हणाली, "तीन महिने तुझ्या घराची राखण केली. बाकी मजेत होते." आणि वळून आत गेली.

मला राग आला, मग वाईट वाटलं, मग परत राग आला. त्यानंतरचे कितीतरी रविवार आम्ही फोनवर फक्त हवेबद्दल बोललो.

आई चिंचवडला एकटी राहते. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि मी एकुलती एक. एकतीस वर्षं तिने महापालिकेच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. वरच्या वर्गांना युरोपचा इतिहास असायचा. नेपोलियनच्या पराभवानंतर सगळे राजे आणि मंत्री व्हिएन्नात जमले आणि त्यांनी युरोपचा नकाशा नव्याने आखला, हा धडा तिचा खास आवडीचा. फळ्यावर ती पुस्तकात न बघता हाताने युरोप काढायची. आदल्या दिवशी घरी सराव व्हायचा, आणि तेव्हा समोरचा वर्ग म्हणजे मी. युरोप मात्र तिने कधी पाहिला नव्हता.

त्या डिसेंबरात नवरा मला म्हणाला की तिला सारखी इकडे बोलावू नकोस, तिला जिथे जायचंय तिथे तू तिच्याबरोबर जा. सोपी गोष्ट होती, पण मला सुचली नव्हती. मी आईला फोन करून सांगितलं, तू मुंबईहून ये, मी मेलबर्नहून येते, मार्चमध्ये पाच दिवस व्हिएन्ना, आपण दोघीच. मग तिकडे थंडी किती असेल हे तिने विचारलं, तेव्हा मला कळलं की ती येणार.

फेब्रुवारीत इटलीच्या बातम्या यायला लागल्या. आता मागे वळून बघताना सगळेच विचारतात की तुम्ही गेलातच कशा. खरं सांगायचं तर रद्द करू या असं आधी कोण म्हणतंय याची आम्ही दोघी वाट बघत होतो, आणि कुणीच म्हणालं नाही. मला वाटत होतं की मी म्हटलं तर ती म्हणेल, पाहा, हिला वेळ नाहीच. तिला काय वाटत होतं ते तिने पुढे सांगितलं. तिला वाटलं, आपण म्हटलं तर हिला सुटल्यासारखं वाटेल.

तेरा मार्चला, दोन-तीन तासांच्या अंतराने आम्ही व्हिएन्नाला उतरलो. आई आधी पोचली होती. जाडा स्वेटर, त्यावर माझा जुना कोट, पायात पांढरे बूट आणि गळ्यात पिशवी, तिच्यात दोनशे पानी वही. वहीत पाच दिवसांचं वेळापत्रक सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तीन रकान्यांत आखलेलं होतं. वेळापत्रकं लावायचा गुण माझ्यात कुठून आला, याचं उत्तर त्या वहीत होतं.

हॉटेलातल्या बाईने आम्हाला आल्या आल्या सांगितलं की राजवाडे, म्युझियम, सगळं त्याच आठवड्यात बंद झालंय. सोमवारपासून दुकानंही बंद होणार. सांगताना तिलाच ओशाळल्यासारखं होत होतं. मी आईकडे बघितलं. आईने वही उघडली, काही ओळींवर बारीक रेघ मारली आणि म्हणाली, "आतलं बंद आहे ना? इमारती बाहेरून बघायला कुणाची परवानगी लागत नाही."

मग तीन दिवस आम्ही व्हिएन्ना बाहेरून बघितली. जुन्या शहराभोवती गोल फिरणाऱ्या रस्त्यावरून ट्रामने गेलो. ट्राममध्ये आम्ही आणि फार तर दोन-तीन माणसं, एकमेकांपासून लांब बसलेली. शोनब्रुनच्या राजवाड्याची दारं बंद होती पण बाग उघडी होती. आई पिवळ्या भिंतीसमोर उभी राहून खिडक्या मोजत बसली. सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलचं नक्षीदार छप्पर ती मान वर करून इतका वेळ बघत राहिली की मी तिच्या पाठीमागे हात आडवा धरून उभी राहिले, न जाणो चक्कर आली तर. एका कॉफी हाऊसमध्ये बसलो. कॉफीबरोबर चांदीच्या रंगाच्या तबकात पाण्याचा ग्लास आला, त्यावर चमचा पालथा ठेवलेला. आईला ते फारच आवडलं. पाणी मागावं लागलं नाही, ही तिच्या मते सुधारलेल्या देशाची खूण होती.

रविवारी सकाळी आम्ही बालहाउसप्लात्झला गेलो. तिच्या धड्यातल्या त्या परिषदेच्या वाटाघाटी जिथे झाल्या ती इमारत तिथे आहे. आता ते सरकारी कार्यालय आहे, बाहेर पोलीस उभे. चौकात त्यांच्या-आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. आईने मला समोर उभं केलं आणि शिकवायला सुरुवात केली. कोणता देश कुठल्या बाजूने बोलत होता, पोलंडचे तुकडे कसे पडले, रशियाला काय हवं होतं. तिचा आवाज वर्गात लागायचा तसा खणखणीत लागला. पोलीस आमच्याकडे बघायला लागले, पण काही म्हणाले नाहीत. मी चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई थंडीत नाक पुसत उभी होते, आणि मला आठवतं, मी मनापासून ऐकत होते. घरी ती आली तेव्हा तीन महिन्यांत मी तिचं बोलणं असं सलग दहा मिनिटंसुद्धा ऐकलं नव्हतं.

सोमवारी दुपारी कॉफी हाऊस बंद झाली. रस्त्यावर कामाशिवाय बाहेर पडू नका असं सांगण्यात आलं. त्या संध्याकाळी चिंचवडहून आईच्या शेजारणीचा फोन आला. टीव्हीवर दाखवतायत, युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना अठरा तारखेपासून भारतात घेणार नाहीत. आईचं परतीचं विमान बरोब्बर अठरालाच होतं.

आम्ही आधीचं विमान शोधलं. मिळालं नाही. विमान कंपनीचा फोन लागत नव्हता, वकिलातीचा लागला पण नुसतं संगीत वाजत राहिलं. मी दोन फोन दोन कानांना लावून बसले होते आणि आई खुर्चीत बसून तिच्या बीपीच्या गोळ्या मोजत होती. पंधरा दिवसांच्या आणल्या होत्या.

मंगळवारी सकाळी मी तिला म्हटलं की तुझा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अजून चालू आहे, तीन वर्षांचा होता, तू माझ्याबरोबर मेलबर्नला चल. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ती म्हणाली की मी इथेच थांबते, चार-आठ दिवसांत उघडेल सगळं. मी म्हटलं, उघडणार नाही. ती म्हणाली, मग दूतावासवाले बघतील. मी म्हटलं, तू एकटी, भाषा येत नाही, गोळ्या संपतील, आणि तुला मी इथे सोडून जाईन असं तुला वाटतं तरी कसं. माझा आवाज चढला होता.

तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला त्या घरात परत कोंडून घ्यायचं नाही. तू वाईट वागलीस असं नाही म्हणत मी. पण तिथे मी कुणाचीच नसते. सकाळी तुम्ही जाता आणि मी घड्याळाकडे बघत बसते."

सहा महिने माझ्या मनात जी उत्तरं तयार होती, की मला नोकरी आहे, की तुला आधीच सांगितलं होतं, की इथे सगळ्यांच्याच आया अशा राहतात, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी फक्त म्हटलं, "मला कळलं नव्हतं गं. म्हणजे कळलं होतं, पण मी बघितलं नाही."

ती उठून खिडकीशी जाऊन बसली. दिवसभर आम्ही खोलीत होतो, खिडकीतून समोरची रिकामी ट्राम येताना-जाताना दिसायची. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, ऑस्ट्रेलियन सरकार बाहेरच्या सगळ्यांना परत या म्हणतंय, उशीर करू नका. मी आईला ते सांगितलं नाही, तिने ऐकलंच होतं.

बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा तिची बॅग भरून दाराशी उभी होती. ती पलंगाच्या कडेवर कोट घालून बसलेली. म्हणाली, "चल. पण मी पाहुणी म्हणून येणार नाही. स्वयंपाकघर मी बघणार, आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र."

मी दोन्ही अटी मान्य केल्या. मला तिने आणखी दहा अटी घातल्या असत्या तरी चाललं असतं.

गुरुवारची दोन तिकिटं मिळाली. वाटेत एक विमान बदलून शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मेलबर्न. विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभ्या असताना मी फोनवर बातमी वाचली. शुक्रवारी रात्री नऊपासून ऑस्ट्रेलियाची सीमा बंद. नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच प्रवेश. त्यांचा नवरा किंवा बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं यांना सूट होती. आई-वडिलांचा उल्लेख कुठेच नव्हता. मी ते तीनदा वाचलं. मी नागरिक होते, आई व्हिसावर होती. पावणेसहा आणि नऊ यांच्यात सव्वातीन तास होते. ट्रक असता तर मी म्हटलं असतं, आरामात पोचेल. पण मी रोज ट्रक उशिरा येताना बघते.

वाटेतल्या विमानतळावर दुसरं विमान उशिरा निघणार असं कळलं. आधी एक तास, मग दोन. गेटवर प्रत्येकाचे कागद परत तपासत होते. आमची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या बाईने आईचा पासपोर्ट बघितला, समोरच्या छापील कागदावर बोट फिरवलं आणि मला विचारलं की या नागरिक आहेत का. मी म्हटलं, नाही, माझी आई आहे, व्हिसा आहे, आणि नऊच्या आत पोचतोय. ती म्हणाली, एक मिनिट, आणि फोन उचलून कुणाशी तरी बोलायला लागली. माझ्या मागे रांग होती. लोक अस्वस्थ होते.

तेवढ्यात आईने माझ्या जॅकेटची बाही धरली. मुठीत घट्ट धरली. आईने असं माझं काही धरल्याचं मला आठवत नाही. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा मीच तिचा पदर धरायचे. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो. त्या बाईने फोन ठेवला, परत एकदा विमान पोचायची वेळ वाचली आणि बोर्डिंग पासवर शिक्का मारला. आई सीटवर बसल्यावरसुद्धा तिने बाही सोडली नव्हती.

सात चाळीसला आम्ही मेलबर्नला उतरलो. बाहेर अजून थोडा उजेड होता. इमिग्रेशनची रांग लांब होती, आणि भिंतीवर घड्याळ होतं, ते मी ठरवून बघत नव्हते. आमची पाळी आली तेव्हा सव्वाआठ झाले होते. अधिकारी पन्नाशीचा, दमलेला माणूस होता, तोंडाला मास्क. त्याने माझा पासपोर्ट बघितला, मग आईचा, मग कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी. मला म्हणाला की अगदी ऐन वेळेला जमवलंत तुम्ही. मग चौदा दिवस घरात कसं राहायचं याचा कागद दिला, माझा पासपोर्ट परत करताना म्हणाला, "वेलकम होम." आणि आईचा परत करताना क्षणभर थांबून म्हणाला, "यू टू, मम."

आम्ही बॅगांच्या पट्ट्यापाशी पोचलो. मी तिथेच ट्रॉलीच्या कडेवर बसले. आई बाजूला उभी राहिली, मला पाण्याची बाटली दिली आणि आमची बॅग कुठली ते मला विचारत राहिली, जणू मला कामाला लावलं की मी ठीक होईन. मी ठीक झाले. दोन्ही बॅगा आल्या.

नवरा पार्किंगमध्ये गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवून दूर उभा होता. ती रात्र त्याने आणि मुलीने जवळच राहणाऱ्या मित्राच्या घरी काढायची असं ठरलं होतं, आणि मग पुढचे चौदा दिवसही. आम्ही दोघींनी एकमेकींशिवाय कुणाला भेटायचं नव्हतं. त्याने हात हलवला, आईनेही हलवला, आणि मी गाडी चालवत वेरिबीला आले. घरात त्याने वरण-भात करून ठेवला होता. आईने हात धुतले, फ्रिज उघडला, आत काय काय आहे ते बघितलं आणि म्हणाली की उद्यापासून हे सगळं वेगळं लावायला लागेल.

ते चौदा दिवस आम्हाला कसे गेले ते विचारलं तर मी सांगते, छान गेले. लोकांना ते खरं वाटत नाही. बाहेर जग बंद होत होतं, पण माझं काम घरून सुरू झालं, आणि पहिल्यांदाच आई आणि मी दिवसभर एका घरात होतो. मी मीटिंगमध्ये असताना ती टेबलावर चहा ठेवून जायची. दुपारी जेवायला मी उठायचेच, कारण ती ताटं वाढून बसायची आणि वाट बघायची. तिच्या गोळ्या नवऱ्याने जवळच्या फार्मसीतून आणून दारात ठेवल्या. डॉक्टरांनी फोनवर सगळं नीट समजून घेतलं होतं. त्या दिवशी आईने पाकीट उघडून बघितलं, नाव बरोबर आहे का ते तपासलं, आणि मग दिवसभर गुणगुणत होती. मुलगी रोज शाळेनंतर, आणि शाळा बंद झाल्यावर कधीही, पुढच्या खिडकीपाशी येऊन उभी राहायची. एकदा तिने काचेला नाक लावून विचारलं, "आजी, आर यू इन जेल?" आई म्हणाली, "नाही गं, सुट्टीवर आहे."

एका संध्याकाळी, भाजी निवडताना, तिने आपणहून विषय काढला. म्हणाली की मागच्या वेळी परत जाताना विमानतळावर मी बोलले ते मला बोलायचं नव्हतं, पण तीन महिने ते मनात साठलं होतं. मी म्हटलं की बरं झालं बोललीस. ती म्हणाली, बरं कसलं, सहा महिने झोप नाही आली. मी म्हटलं, मला तर वाटत होतं फक्त मलाच येत नाही. आम्ही दोघी हसलो, आणि ते तिथेच संपलं. त्यावर परत कधी बोलायची गरज पडली नाही.

पंधराव्या दिवशी आईने दार उघडून बाहेर पाऊल ठेवलं तेव्हा मुलगी ड्राइव्हवेवर थांबली होती. ती धावत येऊन आजीच्या पोटाला इतकी जोरात धडकली की आई दोन पावलं मागे गेली.

आई पाच दिवसांसाठी घरातून निघाली होती आणि एकवीस महिने आमच्याकडे राहिली. तिचा व्हिसा वाढवून मिळाला. मेलबर्नचे सगळे लॉकडाऊन तिने आमच्याबरोबर काढले. मुलीला ऑनलाइन शाळेनंतर ती मराठी वाचायला शिकवायची. मुलगी इंग्लिशमध्ये वाद घालायची आणि मराठीत वाचायची. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये चिंचवडहून वाईट फोन यायला लागले. तिच्या सोसायटीतली दोन माणसं गेली, शेजारणीचे यजमान महिनाभर हॉस्पिटलमध्ये होते. आई त्या दिवसांत फार बोलायची नाही, फक्त फोन जवळ घेऊन बसायची. शेजारणीचे यजमान घरी आले तेव्हा तिने शिरा केला. मला मनातून एकच वाटत राहायचं, की बरं झालं, ती तिथे नाहीये. हे मी तिच्यापाशी कधी बोलले नाही, कारण ती आपली माणसं मागे ठेवून आली होती. पण मला ते वाटायचं, रोज.

सीमा उघडल्या आणि डिसेंबरात ती परत गेली. लस झाली होती, चाचणी झाली होती, यावेळी कागदही भरपूर होते. मी तिला विमानतळावर सोडून आले आणि विमान मुंबईत उतरेपर्यंत फोन हातातून खाली ठेवला नाही. मग टॅक्सीने चिंचवडपर्यंतचे चार तास. शेवटी तिचा मेसेज आला: "पोचले. पाणी आलंय, आधी भरून घेते. नंतर बोलू."

मी तो नवऱ्याला वाचून दाखवला आणि फोन चार्जिंगला लावला. आमच्याकडे दुपार होती. मी सोफ्यावर आडवी झाले, आणि मुलगी सांगते की मी संध्याकाळपर्यंत घोरत होते.